मानेवरचा अडतीस

हिचं बूड एका जागी टेकत नाही, ही माझ्या आईची माझ्याबद्दलची एकमेव आणि जन्मभराची तक्रार. मी शाळेत असताना ती हे म्हणायची, माझं लग्न ठरत असताना म्हणायची, आणि मी जनावरांची डॉक्टर होऊन पनवेलभर स्कूटरवर हिंडायला लागले तेव्हा म्हणाली, बरं झालं, खोडीचाच धंदा केलास. आता मी चोपन्न वर्षांची आहे. अजूनही चहा उभ्यानं पिते, समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी संपवते आणि मग घरी येऊन पस्तावते. नवरा म्हणतो, तुझ्यापेक्षा घोडी कमी खूर आपटतात.

अशा बाईनं घोड्यांना थंड डाग द्यायचं काम का घ्यावं, हे मला सांगता येणार नाही. कदाचित त्यात बारा सेकंद का होईना गप्प उभं राहावं लागतं म्हणून घेतलं असेल.

हे काम सोपं आहे, पण घाईला त्यात जागा नाही. गाई भरवायचं वीर्य गोठवून ठेवायला आमच्याकडे द्रवरूप नायट्रोजनचा डबा असतोच. त्यातलाच थोडा थर्माकोलच्या खोक्यात ओतायचा आणि पितळेचे आकडे त्यात बुडवायचे. सुरुवातीला तो खदखदा उकळतो. उकळी थांबली की आकडा तयार झाला. तोवर घोड्याच्या मानेवर डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली, तळहाताएवढे केस भादरून जागा स्पिरिटनं पुसून ठेवायची. मग आकडा दाबून धरायचा. गडद रंगाच्या घोड्याला दहा-बारा सेकंद पुरतात. कमी धरला तर उमटत नाही, जास्त धरला तर त्या जागी केस कधीच येत नाहीत. बेतानं धरला तर थंडीनं केसाचा रंग तेवढा मरतो, केस जगतो. सूज येते, खपली धरते, पडते, आणि दीड-दोन महिन्यांनी त्या जागी आकड्याच्या आकाराचे पांढरे केस उगवतात. ते जन्मभर राहतात. तापलेल्या लोखंडासारखा वास नाही, किंकाळी नाही. कातडीखाली चिप घालायचीही सोय आहे, पण ती वाचायचं यंत्र आमच्या भागात कुणाकडे शोधायचं?

आकडे मी पनवेलच्या बाजारातल्या एका ओतकाम करणाऱ्या म्हाताऱ्याकडून करून घेतले. त्याच्याकडे साचे मराठी आकड्यांचेच होते. इंग्रजी करून द्या म्हटलं तर म्हणाला, "घोडी काय कॉन्व्हेंटला जाते?" मी मराठीच घेतले.

गव्हाणला एक आगरी जोडपं आहे. वरातीसाठी घोडी आणि रथ देतात. नवरा रथ हाकतो, बाई घोड्या सांभाळते. त्यांच्याकडच्या दोन घोड्यांपैकी धाकटी काळसर कुमैत, जवळजवळ काळ्याच रंगाची. तिच्या अंगावर ओळखीची एकही खूण नाही. कपाळावर टिकली नाही, पायात पांढरं नाही. तिची आई तिला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी मेली होती, आणि या बाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तेव्हा ती बाई घरात कमी आणि गोठ्यात जास्त झोपायची, असं तिचा नवरा सांगायचा. बाईला स्वतःचं मूल नाही. हे ती कधी बोलली नाही, मीही कधी विचारलं नाही.

भाद्रपदात मी त्या घोडीला डाग दिला. माझ्या वहीतला तो अडतिसावा घोडा, म्हणून आकडा अडतीस. बाईनं घोडीचं तोंड छातीशी धरलं होतं आणि मी आकडा दाबून मोठ्यानं मोजत होते. सातावर बाई म्हणाली, "बाय, जरा लवकर मोजा ना."

"लवकर मोजून भागलं असतं तर मी मघाशीच घरी नसते गेले?" मी म्हटलं. तरी दोन्ही आकडे मी पुरते बारा मोजून धरले. त्या दिवशी मी तेवढं एकच काम नीट केलं.

कारण मग फॉर्म भरायचा होता. घोड्याच्या ओळखपत्राच्या फॉर्मवर घोड्याचं चित्र असतं, डावीकडून, उजवीकडून आणि समोरून. त्यावर अंगावरचे भोवरे मांडायचे असतात. केस जिथे गरगर फिरतात तो भोवरा. दोन घोड्यांचे भोवरे सगळेच्या सगळे सहसा जुळत नाहीत. ते शोधायला घोड्याभोवती अर्धा तास हळूहळू फिरावं लागतं, हात लावून बघावं लागतं. मला बेलपाड्याला एका म्हशीकडे जायचं होतं. खरं तर ती म्हैस तासभर थांबली असती. मी म्हटलं, आता आकडा आहे ना, भोवरे नंतर भरू. सही केली, शिक्का मारून फॉर्मचं प्रमाणपत्र केलं, स्कूटरला लाथ घातली. ते नंतर काही आलं नाही.

तुळशीच्या लग्नापर्यंत घोडीच्या मानेवर अडतीस स्वच्छ उमटला. तिनाच्या दोन वाट्या आणि आठाचं शेपूट, अगदी पांढरंशुभ्र. मी खूश झाले. बाई खूश नव्हती. वरातीसाठी आयाळ गुंफली की आकडा दिसायचा आणि लोक विचारायचे, हा कसला नंबर, घोडी पोलिसातली का? एका नवरदेवाच्या आईनं तर म्हणे तोंडावर सांगितलं, माझा पोरगा नंबरप्लेटवर नाय बसणार.

हे बाईनं मला सांगितलं तेव्हा मी गेटबाहेर स्कूटरवर बसले होते, इंजिन चालू होतं. मी हसले आणि म्हटलं, "अगं, मग मी लावते तसा कलप लाव तिला. माझे तरी कुणाला दिसतात?"

बस. एवढंच बोलले मी, आणि निघून गेले. माझ्या जिभेला हाड नाही हे घरच्यांना ठाऊक आहे, त्या बाईला कसं असणार? तिच्यासाठी मी डॉक्टर होते.

माघात चिरनेरला एक वरात होती. आदल्या दिवशी बाईनं काळ्या कलपाच्या दोन पुड्या वाटीत कालवल्या आणि जुन्या टूथब्रशनं घोडीच्या मानेवरचा अडतीस काळा करून टाकला. काम इतकं नीटस केलं की तिच्या नवऱ्यालाही चटकन दिसेना. वरात लग्नमंडपाशी पोचली, नवरदेव उतरला, आणि कुणीतरी फटाक्यांची माळ घोडीच्या पायाशीच लावली. लगाम हातातून सुटला. घोडी अंधारात कुठल्या कुठे गेली. दोघं नवराबायको दोन दिवस उरण ते पेण पायी आणि टेम्पोनं शोधत होते.

दहाव्या दिवशी एका टेम्पोवाल्याच्या सांगण्यावरून ती सापडली. नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, एका फार्महाऊसवर. तिथले गृहस्थ मुंबईत कारकुनी करून निवृत्त झालेले. तीन घोडी बाळगून होते, शनिवार-रविवारी येणाऱ्या पोरांना चक्कर मारून आणायचे. त्यांनी घोडी एका दलालाकडून विकत घेतली होती आणि त्यांच्याकडे कागद होता, काळी कुमैत, वय आठ. दलालाचा फोन लागत नव्हता.

आम्ही सगळे तिथे जमलो. गव्हाणचं जोडपं, ते गृहस्थ, चौकीतून आलेले हवालदार आणि माझं प्रमाणपत्र हातात घेऊन मी. तोवर मला कलपाचं काहीच माहीत नव्हतं. मी रुबाबात पुढे झाले, आयाळ वर केली, आणि तिथे काहीच नव्हतं. काळीभोर मान. मी दुसऱ्या बाजूला जाऊन बघितलं, जसं काही मी डावं-उजवं विसरले होते.

बाई माझ्या कानाशी आली. "बाय, तुमीच बोल्ल्या होत्या ना, कलप लाव. मी लावला."

त्या क्षणी मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. मी घोडीच्या खांद्याला धरून उभी राहिले.

हवालदारांनी माझं प्रमाणपत्र वाचलं, घोडीची मान पाहिली आणि थंडपणे म्हणाले, "डॉक्टर, तुमच्याच कागदावर लिहिलंय की त्यांच्या घोडीच्या मानेवर अडतीस आहे. हिच्या मानेवर नाही. म्हणजे तुमच्याच सहीनं ही घोडी त्यांची नाही."

भोवऱ्यांच्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. तिन्ही चित्रं कोरी.

बाईनं घोडीला हाक मारली. घोडी तिच्या खांद्यात तोंड खुपसून उभी राहिली. हवालदार म्हणाले, "बाई, गुळाचा वास आला तर ती माझ्याकडेपण येईल." बाईच्या ओच्यात खरंच गूळ होता. ती रडायला लागली आणि तिनं तो गूळ बाहेर काढून त्यांच्या हातावर ठेवला. घोडी हवालदारांकडे गेली नाही. पण असलं काही पंचनाम्यात लिहीत नाहीत.

मी म्हटलं, केस भादरून कातडी बघू द्या, डागाची खूण सापडेल. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, माझ्या घोडीला कात्री लागणार नाही. तिला आधीच खूप सोसावं लागलंय, फटाक्याचा नुसता आवाज आला तरी थरथरते." त्यांनी हे 'माझ्या घोडीला' इतक्या सहज म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हवालदार म्हणाले, कोर्टाचा हुकूम आणा नाहीतर आकडा दाखवा, तोवर घोडी आहे तिथेच राहील.

बाहेर आल्यावर मी हवालदारांना बाजूला घेतलं आणि सगळं कबूल केलं. कलप फक्त असलेल्या केसांना लागतो, नव्या केसाला नाही. पण माणसाचा केस वाढत राहतो तसं घोड्याच्या अंगावरच्या केसाचं नसतं. तो ठरल्या लांबीला थांबतो आणि हवा बदलली की गळतो. होळीच्या सुमाराला हिवाळ्याचा केस जाईल आणि खालून नवा येईल. तो पांढराच येणार. हवालदार म्हणाले, "मग होळीला भेटू. पण तोंड बंद ठेवा. त्यांना कळलं तर पुन्हा रंगवतील, नाहीतर विकतील."

मला. तोंड बंद ठेवा. मला!

पुढचा सव्वा महिना मी कसा काढला, मलाच माहीत. जेवण जाईना. नायट्रोजनचा डबा भरलेला असूनही पुन्हा भरायला निघायची. गव्हाणहून बाईचा रोज फोन, "बाय, आलं काय सफेद?" आणि मी रोज वसकन ओरडायची, मी काय तिच्या मानेवर बसले आहे का? मग पुन्हा मीच फोन करून माफी मागायची. नेऱ्याच्या बाजूला माझं एकही काम नसताना मी आठवड्यातून दोनदा तिकडे स्कूटर काढायची, कुंपणापलीकडे घोडी दिसते का बघायची आणि दिसली की परत फिरायची. एकदा ती दिसली नाही. मी तिथेच रस्त्याकडेला उभी राहिले. अर्ध्या तासानं गृहस्थ तिला ओढ्यावरून पाणी पाजून घेऊन आले. तिच्याशी काहीतरी बोलत चालले होते. मला त्यांचा राग आला, आणि तो राग कुठे ठेवावा हे कळेना.

माझ्या स्वतःच्या केसांना मी त्या दिवसांत कलप लावला नाही. मुद्दाम ठरवलं नव्हतं. रोज सकाळी आरशात भांग बघायची, मुळं किती पांढरी झाली ते, जसं काही माझ्या डोक्यावरून घोडीच्या मानेचा अंदाज येणार होता. मी डॉक्टर आहे, मला कळत होतं की हा शुद्ध वेडेपणा आहे. तरी बघायची.

होळीच्या आधीच्या शनिवारी फोन आला. त्या गृहस्थांचा.

"मॅडम, मला ठाऊक असलेल्या घोड्यांच्या डॉक्टर तुम्हीच, म्हणून तुम्हाला करतोय," ते म्हणाले. "हिच्या मानेवर पांढरे चट्टे पडायला लागलेत. कोड तर नसेल ना? मी खोबरेल लावलं, काही फरक नाही. जरा येऊन बघाल?"

मी उभ्या उभ्या निघाले. वाटेत काय विचार केला ते आठवत नाही. एवढं आठवतं की खूप दिवसांनी पहिल्यांदाच मी सावकाश चालवत होते.

घोडी सावलीला बांधलेली होती. शेजारी स्टुलावर खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश, आणि जमिनीवर काळ्या केसांचे पुंजके. ते दररोज सकाळ-संध्याकाळ तिला खरारा करत होते. आयाळ वर केली. तिनाची वरची वाटी अर्धी बाहेर आली होती. आठाचं शेपूट स्पष्ट होतं. बाकी सगळं अजून काळंच. ज्याला ठाऊक नाही त्याला तिथे दोन वेडेवाकडे चट्टे दिसले असते. त्यांना तेच दिसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, दुसरं काही नव्हतं. दलालावर त्यांचा विश्वास होता, आणि अडतीस ही त्यांच्या लेखी आमची थाप होती.

आता माझी पाळी होती. जन्मभर जे तोंडात आलं ते बोलत आलेली बाई. कोड नाही, आकडा आहे, एवढे चारच शब्द बोलायचे होते.

मी म्हटलं, "आजार नाही. केस बदलतोय. खरारा चालू ठेवा."

"नक्की ना? रोज करू?"

"रोज करा," मी म्हटलं. "जरा दाबून करा."

त्यांना हायसं वाटलं. त्यांनी मला लिंबाचं सरबत दिलं आणि मी ते प्यायले. बसून प्यायले. घोडी मला लहानपणापासून, म्हणजे तिच्या लहानपणापासून, ओळखत होती. तिनं माझ्या खांद्याला नाक घासलं. गृहस्थ म्हणाले, "बघा, तिला माणसं कळतात." मी मान डोलावली. घरी येईपर्यंत मला दोनदा स्कूटर थांबवावी लागली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बरोबर केलंस, त्या बाईची घोडी आहे. खरंच होतं ते. मी सांगितलं असतं आणि त्यांनी रातोरात घोडी हलवली असती तर गव्हाणच्या बाईला मी काय तोंड दाखवलं असतं? माझ्याच थट्टेनं तिची घोडी गेली होती, आता माझ्याच खरेपणापायी पुन्हा घालवू? हे सगळं बरोबर होतं. तरी माझी तगमग थांबेना. आधी वाटायचं, आकडा येत का नाही. आता वाटायला लागलं, तो माणूस आत्ता खरारा करत असेल, आणि मी सांगितलं म्हणून जरा दाबून करत असेल.

धुळवड झाली आणि दोन दिवसांनी आम्ही पुन्हा तिथे जमलो. या वेळी आयाळ विंचरून उजवीकडे टाकलेली होती, कुणालाच ती वर करावी लागली नाही. लांबूनच दिसत होता, अडतीस. तिनाच्या दोन्ही वाट्या भरलेल्या, आठ पूर्ण. हवालदारांनी माझं प्रमाणपत्र आणि मान दोन्ही पुन्हा एकदा वाचलं. मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, "डॉक्टर, तुमचाही नंबर दिसायला लागलाय."

बाईनं घोडीच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या मानेवरचा एकेक आकडा बोटानं गिरवला. मग मान वर करून म्हणाली, "मी परत कधी काय लावणार नाय तिला. कोण काय पण बोलू दे." तिचा नवरा गृहस्थांपुढे हात जोडून उभा राहिला.

 गृहस्थांनी वाद घातला नाही, दलालाला शिव्या दिल्या नाहीत. आत जाऊन खरारा घेऊन आले आणि तो बाईच्या हातात दिला. "पोटाखाली हळू करा, तिला गुदगुल्या होतात."

"मना माहीत हाय," बाई म्हणाली. मग तिलाच ते फार तोडून बोलल्यासारखं वाटलं असावं. तिनं खरारा घेतला आणि म्हणाली, "पण तुमी बरी सांभाळलीत हां माझी पोर."

घोडी टेम्पोत चढली. मी गृहस्थांच्या शेजारी उभी होते. त्या दिवशी माझी मुळीच चुळबुळ होत नव्हती, आणि कुठे तरी निघून जावं असं मात्र आयुष्यात कधी नव्हे इतकं वाटत होतं.

"त्या शनिवारी तुम्हाला कळलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

मी खरं तेच सांगितलं. "मला वाटलं, तुम्ही खरारा थांबवाल."

टेम्पो वळून दिसेनासा होईस्तोवर ते तिकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "नसता थांबवला, मॅडम. तिला आवडायचा."

त्यांनी खरंच थांबवला नसता की नाही, हे मला कधीच कळणार नाही. ते कळून घ्यायची एक वेळ होती, आणि ती मी सरबत पिण्यात घालवली. त्या संध्याकाळी मी थेट गव्हाणला गेले. घोडीभोवती अर्धा तास हळूहळू फिरले, हात लावून एकेक भोवरा शोधला आणि फॉर्मवरची तिन्ही चित्रं भरली. सात भोवरे निघाले. बाई कंदिलासारखा मोबाईल धरून उभी होती, आणि या वेळी तिनं लवकर करा म्हटलं नाही.